निळ्या बंदुकीचा हिशेब

आम्ही दोघेही दिसण्याच्या धंद्यातली माणसे. एक जण नांदेडला देगलूर नाक्याकडच्या एका गॅरेजात टेम्पो आणि ऑटोला रंग मारतो, दुसरी घरी मशीनवर ब्लाऊज शिवते. जुन्या टेम्पोला पुट्टी भरली, पॉलिश पेपरने घासले, प्रायमरवर दोन हात रंगाचे दिले आणि मागच्या फळीवर मालकाच्या मुलीचे नाव काढले, की तोच मालक गाडीत वेगळ्याच ऐटीत बसतो. इंजिन जुनेच असते. साध्या ब्लाऊजच्या गळ्याला बारीक पायपिंग लावली, की बाई आरशासमोर दोनदा वळून बघते. याच कामावर आमचे घर चालते. म्हणून ‘दिसण्यात काय ठेवले आहे’ असे म्हणायला आमची जीभ सहज वळत नाही. वाचक बंधुभगिनींना हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत आमच्याच घरातली आहे.

आमचा थोरला मुलगा दहावीला ८४ टक्के मार्क घेऊन पास झाला. मराठवाड्यात असे पोर ज्याच्या घरी असते त्याला सगळे एकच सल्ला देतात, लातूरला टाका. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव आमच्या गॅरेजातल्या हेल्परालाही पाठ आहे. क्लास आता नांदेडलाही पुष्कळ झाले आहेत, पण मुलाचे मामा लातूरला असतात. अडीनडीला घरचे माणूस जवळ आहे, या भरवशावर जून २०२४ मध्ये त्याला तिकडे पाठवले. महिला बचत गटातून ४० हजार रुपये उचलले. व्याज शेकडा दोन. तीन मुलांत एक खोली, मेसचे महिन्याला तीन हजार, अभ्यासिकेचे आठशे. दर वेळी पैसे घेऊन जाणे जमत नाही म्हणून बापाच्या नावाचे दुसरे सिम त्याच्या फोनमध्ये घातले, आणि त्या नंबरला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या महिन्याला पैसे टाकू लागलो. तो तिथून फोनवरच मेसवाल्या काकूंना आणि अभ्यासिकेला देणार, असे ठरले.

डिसेंबर २०२४ मध्ये एका सकाळी काकूंचा फोन आला. आवाजात राग नव्हता, संकोच होता.

“ताई, पोरगं चांगलं हाय तुमचं. पण दोन महिन्यांचे पैसे आले न्हाईत. मी मागितले की उद्या म्हणतंय. आता तर दुपारचं जेवायलाच येईना. मला वाटलं घरी काही अडचण हाय का, म्हणून इचारायलाव.”

घरी अडचण नव्हती. पैसे तर आम्ही वेळेवर टाकले होते. त्याच दिवशी मशीनवर कापड झाकले, गॅरेजात सांगून सुट्टी घेतली आणि आम्ही दोघे लातूरच्या एसटीत बसलो. लोहा गेले, अहमदपूर गेले, चाकूर आले, तरी आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मनात नको नको ते येत होते. दारू असेल का? गुटखा? कुणी वाईट नादाला लावले असेल का? गाडीत शेजारच्या बाईने विचारले, लेकराकडे चालला का? आम्ही नुसती मान हलवली.

खोलीवर पोहोचलो तेव्हा तो एकटाच होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला. गालफडे बसली होती. त्याच्या आईने आधी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, मग विचारले, “मेसचे पैसे कुठं गेले?”

“गेममधी गेले.”

“गेममधी म्हणजे? जुगार खेळलास?”

“न्हाई. स्किन घेतली.”

“स्किन म्हणजे कातडं ना? कशाचं कातडं घेतलंस?”

“बंदुकीचं,” तो खाली बघत म्हणाला.

खरे सांगतो, त्या क्षणी आम्हाला काहीच समजले नाही. बापाचा हात वर गेला होता, तो आईने धरला. हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या घरात हात उठला नाही ते घर भाग्याचे. आमच्याकडे उठला, आणि तसाच खाली आला.

मग आम्ही खाली सतरंजीवर बसलो आणि फोनमध्ये बँकेचा उतारा उघडायला लावला. एकूण ४३ नोंदी. कुठे २९ रुपये, कुठे ७९, कुठे १९९, सर्वांत मोठी ७९९ ची. बेरीज ९,३७० रुपये. दोन महिन्यांची मेस ६,०००, तीन महिन्यांची अभ्यासिका २,४०० आणि वरखर्चातले ९७०. सहाशे रुपये रोजाने साडेपंधरा दिवसांची मजुरी. अडीचशेच्या भावाने अस्तराचे सदतीस ब्लाऊज. हा हिशेब आम्ही त्याला तोंडी घातला नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून दाखवला. तो वाचून त्याला रडू फुटले.

तो खेळ कोणता हे इथे सांगत नाही. अशा खेळांची रीत साधारण एकसारखीच असते. पोरे विमानातून एका बेटावर उतरतात, पडलेली शस्त्रे गोळा करतात, शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो. खेळायला पैसे लागत नाहीत. बंदूकही फुकट मिळते. ती काळी-करडी असते आणि सगळ्यांची सारखी असते. पैसा लागतो तो त्या बंदुकीचे रूप बदलायला.

त्याच्या बापाने विचारले, “रंग दिल्यावर गोळी जोरात लागते का?”

“न्हाई.”

“लांब जाते?”

“न्हाई पप्पा. बंदूक तीच राहते.”

“मग?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “समोरच्याला कळतं की आपण कोणतरी हाव.”

त्याने आम्हाला ती बंदूक दाखवली. निळी होती. नळीवरून निळ्या ज्वाळा हळूहळू वर सरकत होत्या, दस्त्यावर चांदीसारखी नक्षी. रंगाच्या माणसाच्या नजरेने बघितले तर काम उत्तम होते. त्याने समजावून सांगितले की एकदम एवढे मिळत नाही. आधी रुपये देऊन खेळातली नाणी घ्यायची. नाण्यांची पाकिटे अशी बांधलेली असतात की हवी ती वस्तू घेऊन चार-दोन नाणी उरतात, आणि उरलेली वाया जाऊ नयेत म्हणून माणूस आणखी पाकीट घेतो. त्या नाण्यांनी पेट्या उघडायच्या. पेटीत काय निघेल ते नशीब. बहुतेक वेळा टोपी निघते, बूट निघतात. कधी तरी बंदुकीचे कातडे निघते. ते निघाले की त्याच्या पायऱ्या. पहिल्या पायरीला नुसता रंग, पुढे ज्वाळा, त्याच्या पुढे गोळी लागल्यावर वेगळी ठिणगी, आणि सर्वांत वरच्या पायरीला, आपण कुणाला मारले की सगळ्यांच्या पडद्यावर एक खास पाटी झळकते. तिच्यावर आपले नाव असते.

हे कातडे बंदुकीवर चढते कसे, हे त्याच्या आईला आधी समजले. पोराने सांगितले की संगणकात बंदूक म्हणजे जाळीचा सांगाडा असतो. तो सांगाडा उकलून सपाट पसरतात, प्रत्येक बाजूचा तुकडा वेगळा मांडतात, त्यावर चित्र काढतात आणि मग ते चित्र पुन्हा सांगाड्यावर गुंडाळतात. ती म्हणाली, “म्हणजे कटिंगच की. पेपरवर पुढचा भाग, पाठ, बाही वेगळी काढायची, आणि शिवली की अंगावर बसते.” तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

घरी आल्यावर आम्ही याची थोडी चौकशी केली. हत्यार सजवणे हे काही फोनबरोबर आलेले नाही. आमच्या नांदेडात तर ते सांगायलाच नको. गुरुद्वाऱ्याच्या परिसरातल्या दुकानांत मुठीवर नक्षी काढलेल्या तलवारी आणि कृपाणी आम्ही लहानपणापासून काचेतून बघत आलो. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीत त्या उन्हात चमकतात. राजेरजवाड्यांच्या काळी पोलादात सोन्याची तार ठोकून वेलबुट्टी काढत. त्यामागे श्रद्धा असे, मान असे, कारागिराचे पोट असे.

खेळातल्या बंदुकांना रंग विकण्याचा मोठा बाजार उभा राहिला तो ऑगस्ट २०१३ नंतर. त्या महिन्यात ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ या संगणकावरच्या खेळात असे रंग आले, आणि खेळणाऱ्यांना ते आपसात विकताही येऊ लागले. त्यात रंग किती खरवडला आहे यावरही भाव ठरतो. कोऱ्या करकरीत रंगाला एक किंमत, घासून गेलेल्याला दुसरी. गॅरेजात आम्ही ओरखडे बुजवायचे पैसे घेतो, तिथे ओरखडेही मोजून विकतात. काही सुट्या चाकूंच्या रंगांना लाखो रुपये मोजणारे लोक जगात आहेत. पेटीत काय निघेल हे न सांगता पैसे घेणे हा जुगारच नव्हे काय, असा प्रश्न पुढे अनेक देशांत विचारला गेला. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने काही खेळांतल्या अशा पेट्यांना जुगार ठरवले.

हे झाले जगाचे. आम्हाला मात्र त्या दिवशी लातुरात आमच्या पोराचे काय करावे हे समजत नव्हते. म्हणून संध्याकाळी त्याच्या मामांना बोलावून घेतले.

मामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, हे आपल्या बऱ्याच घरांना माहीत असते, कारण कुणी ना कुणी तिथे गेलेले असते. मामा आले, चहा घेतला, सगळे ऐकून घेतले. ओरडले नाहीत. म्हणाले, “दाखव बघू तुझी रायफल.”

पोराने फोन पुढे केला. मामांनी चष्मा लावला, फोन जवळ-लांब करून बघितला आणि मोठ्याने हसले.

“अरे, हे एवढं चकाकतंय? अशी रायफल घेऊन निघालास तर पहिल्याच रात्री गेलास की!”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांच्या हातात बरीच वर्षे एसएलआर रायफल होती. रिकामी असतानाही चार किलोच्या वर. तिच्यावर रंगाने लिहिलेले एकच असायचे, बट नंबर. कोतातून, म्हणजे शस्त्रागारातून, रायफल काढताना आणि जमा करताना तो नंबर सांगायचा. झोपेतून उठवून विचारला तरी यायला पाहिजे. रोज तेल आणि चिंधी घेऊन नळी साफ करायची. मोहिमेवर जाताना मात्र तिचे रूप बदलायचे. चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळायच्या, जिथे चमक असेल तिथे चिखल लावायचा, तोंडालाही काळे फासायचे. निसर्गात सरळ रेघ नसते, त्यामुळे बंदुकीची सरळ नळी लांबून ओळखू येते. ती रेघ मोडायची.

“खऱ्या बंदुकीला माणूस रंग लावतो तो लपण्यासाठी,” मामा म्हणाले. “चमकला तो गेला.”

पोरगा ऐकत होता. मग एकदम म्हणाला, “पण मामा, आम्हाला तर दिसायचंच असतंय.”

मामा काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही. त्याचे ते वाक्य आम्हाला अजून ऐकू येते.

मग हळूहळू बाकीचे बाहेर आले. क्लासमध्ये एका वर्गात दोनशेवर मुले. दर महिन्याच्या परीक्षेवरून तुकड्या बदलतात. ऑगस्टमध्ये तो वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत आला. हजेरी नंबराने होते, नाव कुणी घेत नाही. ज्यांची फी हप्त्याने किंवा सवलतीने आहे त्यांना काही मुले ‘सवलतवाले’ म्हणतात. गावाकडे शाळेत पहिला येणारा पोरगा इथे एक आकडा झाला. रात्री खोलीतली मुले खेळायची, म्हणून हाही खेळू लागला. तिथे ज्याची बंदूक साधी असते त्याला इतर खेळाडू ‘फुकट्या’ म्हणतात. दिवसा सवलतवाला आणि रात्री फुकट्या. पहिल्यांदा २९ रुपये घातले ते हा शब्द पुसण्यासाठी. निळी बंदूक मिळाली त्या रात्री अनोळखी पोरांनी ‘भाई, मस्त गन’ म्हटले. तेवढ्यासाठी पुढचे सगळे गेले.

हे ऐकून आम्हाला आमचे दिवस आठवले. शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे वर्गात मोठ्याने वाचली जात तेव्हा मान खाली घालून उठावे लागे. दुसऱ्याच्या पोराचा उतरलेला शर्ट घालून शाळेत गेल्यावर ज्याचा शर्ट तोच ओळखायचा. तेव्हा एखादा कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट मिळावा म्हणून आम्ही काय दिले नसते? आमच्या हाती फोन नव्हता, खात्यात पैसे नव्हते, म्हणून आम्ही वाचलो. आम्ही फार शहाणे होतो असे नाही.

त्या रात्री मामांच्या घरी झोपलो. झोप आली नाही. मुलाच्या आईने एक आठवण काढली. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले, हे तिने महिला मंडळात अनेकदा ऐकले होते. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येते ती पद्धत सोडा, नीटनेटके राहा, असे त्यांनी सांगितले होते. म्हणजे दिसण्याला त्यांनी क्षुल्लक मानले नाही. पण त्याच भाषणात त्यांनी हातागळ्यात भारंभार दागिने घालण्याची चालही सोडायला सांगितली होती. तिने विचारले, “मग पोराची निळी बंदूक यातलं काय? लुगडं का दागिना?”

आम्ही अंधारात बराच वेळ यावर बोललो. टेम्पोला रंग मारला तर पत्रा गंजत नाही, आणि मालकाला गाडी विकायची झाली तर रंगाचे पैसे वसूल होतात. ब्लाऊज धाकटीला घट्ट करून देता येतो. पोराने घेतलेले कातडे कुणाला देता येत नव्हते, विकता येत नव्हते. अशा बहुतेक खेळांच्या अटींत लिहिलेले असते की ही वस्तू तुमच्या मालकीची नाही, तुम्हाला फक्त वापरायला दिली आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आणखी ५४ अ‍ॅप बंद झाले, त्यात फ्री फायर होता. त्या वेळी ज्यांनी पैसे घालून शस्त्रे सजवली होती त्यांच्या हातात वस्तू म्हणून काय होते? भिंतीचा रंगही घर पडल्यावर विटेला चिकटून राहतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही क्लासमध्ये गेलो. तिथल्या सरांनी चांगले बोलून घेतले, पण पोराची माहिती काढताना त्यांनी नंबर विचारला. नाव सांगितले तर त्यांना आठवेना. त्यांचाही दोष किती म्हणावा? दोनशे चेहरे असतात. तिथून मेसवर गेलो. काकू पोळ्या लाटत होत्या. आम्ही थकलेले सहा हजार हातात ठेवले. हे पैसे मामांकडून उसने घेतले होते. काकूंनी ते न मोजता पिठाच्या हाताने डब्याखाली सारले आणि पोराला नावाने हाक मारली.

“ये, बस. आज वांगं न्हाई केलं. मला ठाव हाय तू खात न्हाईस.”

तो ताटावर बसला आणि त्याला घास गिळेना. आम्हालाही समजले. अख्ख्या लातुरात त्याचे नाव आणि त्याला वांगे आवडत नाही हे ठाऊक असलेली ही एक बाई होती. पडद्यावर नाव झळकावे म्हणून त्याने जे घातले, ते तिचे पैसे होते. आम्ही तिथे एक शब्द बोललो नाही. बोलण्याची गरजच राहिली नव्हती.

पुढे काय केले तेही सांगतो, कारण असे प्रसंग आपल्या वस्त्यांतल्या इतर घरांतही येत असतील.

फोन काढून घेतला नाही. क्लासचे पेपर, नोट्स सगळे त्याच्यावरच येते. पैशाचे सिम मात्र काढले. मेस आणि अभ्यासिकेचे पैसे आम्ही नांदेडहून थेट त्यांना देऊ लागलो, आणि वरखर्चाला महिन्याचे तीनशे रुपये रोख ठरवले. अ‍ॅप उतरवण्याच्या दुकानात काही विकत घेताना दर वेळी पासवर्ड मागितला जावा अशी सोय असते, ती सुरू केली. बँकेचा उतारा आता दर रविवारी आम्ही दोघे मिळून बघतो. हे आधी का केले नाही, तर एवढे शिकलेले पोर आपल्याला फसवेल असे वाटले नव्हते, आणि उतारा वाचायचा असतो हेही ध्यानात आले नव्हते. ४३ नोंदींतली पहिली २९ रुपयांची आम्ही वेळेवर बघितली असती तर गोष्ट २९ रुपयांतच संपली असती.

मध्यंतरी त्याने विचारले होते की ते खेळाचे खाते विकून थोडे पैसे परत मिळवू का. अशी खाती घेतो म्हणणारे भेटतात, पासवर्ड घेतात आणि गायब होतात. आम्ही नको म्हटले. कुणाचे असे पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरवर लगेच तक्रार करता येते. आणि पोर एकटे पडले आहे, खात-पीत नाही, बोलत नाही असे दिसले तर सरकारची ‘टेलि-मानस’ नावाची सेवा आहे, नंबर १४४१६. तिथे फुकट बोलता येते. आम्हाला हा नंबर नंतर कळला.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना त्याने मनाई केली, हे चांगले झाले. पण शोभेसाठी पोराने घातलेल्या २९ रुपयांवर नजर ठेवायला दिल्लीहून कुणी येणार नाही. ते घरालाच करावे लागते.

आम्हाला कुणी विचारले, घरात पंचशील म्हणता आणि पोराच्या फोनमध्ये बंदुका? प्रश्न खरा आहे. आम्ही तो पोरापुढे ठेवला. तो म्हणाला, तो खेळ आहे, कुणी मरत नाही. सिनेमातही कुणी मरत नाही, आम्हीही ते बघतोच. त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही, वाद चालू आहे. पोर आमच्याशी वाद घालते, याचेच आम्हाला बरे वाटते.

मे २०२५ च्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा आपणहून गॅरेजात यायला लागला. वीस दिवस आला. रोजचे दोनशे म्हणून चार हजार त्याने बचत गटात आईच्या हाताने भरले. बाकीचे आम्ही फेडले, मामांचेही. सुरुवातीला त्याला फक्त घासायचे काम दिले. पॉलिश पेपरने बोटांची साले निघाली. शेवटच्या आठवड्यात एक भाजीवाला आपला जुना ऑटो घेऊन आला. मागच्या पत्र्यावर काय काढायचे म्हणून विचारले तर म्हणाला, “काढा कायबी, पण लांबून दिसलं पाहिजे. गल्लीत आलो की बायांना कळाय पाहिजे माझी गाडी आली म्हणून.”

पोराने बापाकडे बघितले. बापाने ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने आधी कागदावर पत्र्याचा सपाट आकार काढला, कडा कुठे वळतात तिथे खुणा केल्या आणि मग निळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत त्या माणसाचे नाव लिहिले. ‘ळ’ जरा वाकडा झाला. भाजीवाल्याने तीनदा मागे जाऊन, पुढे येऊन बघितले आणि ठरल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले. दोन दिवसांनी आमच्याच गल्लीत त्याची हाक ऐकू आली तेव्हा पोरगा सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभा राहिला.

जूनमध्ये तो पुन्हा लातूरला गेला. बारावीच्या वर्षाला लागला. तुकडी अजून वर-खाली होते. खेळ पूर्ण सुटला असे आम्ही म्हणणार नाही, रविवारी तासभर खेळतो. ती निळी बंदूक त्या खात्यात आहेच. एकदा आईने फोनवर विचारले, “ती वापरतोस का रे?” तो म्हणाला, “न्हाई. साधीच घेतो. निळी लांबून दिसतीया, लवकर मारतेत.”

मामांना हे सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसत होते.

जयभीम.